नाशिकचं ऊन आणि आठवड्याची पुडी

आमच्या शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर मुलांचे पेपर तपासलेले, त्यामुळे लाल पेनावर आणि आकड्यांवर त्यांचा फार विश्वास. एका दुपारी त्या तीन कागद घेऊन आल्या, जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले आणि म्हणाल्या, "आता तूच सांग, यातला खरा कोणता?"

तिन्ही कागद रक्तातल्या ड जीवनसत्त्वाच्या तपासणीचे होते. पहिल्यावर आकडा होता ९, दुसऱ्यावर ३४, तिसऱ्यावर १३. पहिल्या आणि दुसऱ्या कागदाच्या मधल्या काळात काकूंनी साठ हजार युनिटच्या आठ पुड्या, दर रविवारी एक याप्रमाणे, दुधातून घेतल्या होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदामध्ये वर्ष गेलं होतं आणि त्या वर्षात त्यांनी काहीही घेतलं नव्हतं. "नॉर्मल आलं होतं ना, मग कशाला घ्यायचं?" आता पुन्हा मांड्या भरून यायला लागल्या होत्या, खाली मांडी घालून बसलं की उठताना जमिनीला हात टेकावा लागत होता. ओळखीतल्या कुणीतरी सल्ला दिला होता की पुड्यांच्या भानगडीत पडूच नका, एक मोठं इंजेक्शन घेऊन टाका, वर्षाची चिंता मिटते. काकूंचा स्वतःचा निष्कर्ष निराळा होता. एक तर तपासणारा चुकला, नाही तर पुडी खोटी.

यातलं काहीच खरं नव्हतं. तपासणी बरोबर होती, पुडीही खरी होती. काकूंचे तीन कागद हे ड जीवनसत्त्व शरीरात कसं वागतं याचं इतकं चोख उदाहरण होतं, की वैद्यकाच्या वर्गात फळ्यावर लावावं. पण त्याआधी एक प्रश्न मनात येतोच. काकू राहतात नाशिकला, नॉर्वेला नव्हे. इथं वर्षातले आठ महिने ऊन माणसाचा पिच्छा पुरवतं. मग इथल्या माणसाच्या रक्तात उन्हातून मिळणारी ही वस्तू कमी कशी?

या प्रश्नाला नाशिकमध्येच शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो नाशिककरांना फारसा ठाऊक नाही. १९२२ साली इंग्लंडमधल्या 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात हचिसन आणि शाह या दोघांचा मुडदुसाच्या कारणांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातली पाहणी होती नाशिकची. मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ राहून पाय वाकण्याचा विकार. मोठ्या माणसांत, विशेषतः बाळंतपणं झालेल्या स्त्रियांत, त्याचंच दुसरं रूप दिसतं, हाडं दुखतात, चाल बदकासारखी होते. त्या काळी विलायतेत यावरून दोन तट पडले होते. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९च्या सुमारास कुत्र्याच्या पिल्लांना विशिष्ट आहारावर ठेवून मुडदूस आणून दाखवला होता आणि कॉड माशाच्या तेलानं बराही केला होता. म्हणजे दोष अन्नाचा. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या उजेडात बसवून बरं केलं होतं. म्हणजे दोष उजेडाचा.

नाशिकनं या वादात आपलं माप उजेडाच्या पारड्यात टाकलं. हचिसन आणि शाह यांना जे दिसलं ते सगळ्यांच्या अपेक्षेच्या उलट होतं. खाऊनपिऊन सुखी अशा घरांत, जिथं बायका पडद्यात आणि तान्ही मुलं आतल्या अंधाऱ्या खोल्यांत, तिथं हा विकार होता. हिंदूंतही होता, मुसलमानांतही होता. आणि ज्यांच्या ताटात दुधातुपाचा पत्ता नाही, पण ज्यांचा दिवस शेतात नि रस्त्यावर उघड्यावर जातो, त्यांची मुलं बहुधा यातून सुटलेली होती. जुन्या वाड्यांची रचना डोळ्यांसमोर आणा, म्हणजे याचा अर्थ उलगडतो. ओसरी, माजघर, त्यामागे बाळंतिणीची खोली, आणि तिच्या एकुलत्या झरोक्यालाही फडकं लावलेलं. घरात लक्ष्मी पाणी भरत असेल, पण ऊन उंबऱ्याबाहेरच थांबत होतं.

पडदा गेला, वाडेही गेले. पण गंगापूर रोडवर किंवा कॉलेज रोडवर सकाळी दहाला उभं राहावं आणि दुचाकीवरून जाणाऱ्या मुली पाहाव्यात. डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, अंगात सनकोट, हातात मोजे. मी याला नावं ठेवत नाही. धुरळा आणि ऊन यांपासून बचाव करायचा तर दुसरं करणार काय? दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायकाही साडीवरून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला फडकं बांधूनच जातात, आणि बागेत असते वेलींची सावली. सातपूर-अंबडच्या कारखान्यातला कामगार पाळीला जातो तो छपराखाली. कार्यालयातला माणूस काचेच्या खिडकीशी बसतो आणि त्याला वाटतं, ऊन मिळतंय. काच उजेड आत सोडते, पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण मात्र अडवते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २५ ते ३५ वयाची अकराशेच्या वर धडधाकट माणसं तपासली होती. त्यातल्या सुमारे ७० टक्के लोकांची पातळी २०च्या खाली निघाली. ही आजारी माणसं नव्हती, लोकलला लटकणारी तरुण माणसं होती.

आता काकूंच्या कागदांकडे वळू.

तपासणीत जे मोजलं जातं ते आपण गिळलेलं जीवनसत्त्व नव्हे. पुडीतला पदार्थ म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल. उन्हानं कातडीत तयार होतो तोही हाच. आतड्यातून किंवा कातडीतून तो रक्तात येतो, यकृतात जातो आणि तिथं त्याचं एक मधलं रूप बनतं. कागदावर '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' असं लिहिलेलं असतं ते हेच. यापुढं मूत्रपिंडात त्याचं शेवटचं, कामाचं रूप बनतं. ते अन्नातला कॅल्शियम आतड्यातून उचलून घ्यायला लावतं. हे शेवटचं रूप रक्तात काही तासच टिकतं आणि शरीर ते गरजेपुरतंच बनवतं. ते मोजून उपयोग नसतो, कारण तुटवडा असतानाही ते पुष्कळदा पुरेसं दिसतं. मधलं रूप मात्र दोन-तीन आठवड्यांत निम्मं होतं इतक्या संथ चालीनं ओसरतं. म्हणून ते साठ्याचं माप ठरतं.

नाशिककराला हे समजायला सोपं आहे. आपण पावसाळ्यात सकाळी पेपर उघडून आधी गंगापूर धरणात किती टक्के पाणी झालं ते पाहतो. धरणाची पातळी दोन गोष्टींवर ठरते, येतं किती आणि जातं किती. रक्तातल्या आकड्याचंही तसंच आहे. रोज एकसारखी आवक सुरू केली की पातळी पहिल्यांदा भरभर चढते. मग जसजशी पातळी वाढते तसतसा खर्चही वाढतो, आणि तीनेक महिन्यांनी आवक-जावक सारखी होऊन आकडा एका जागी थांबतो. म्हणूनच औषध सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्याला घाईनं रक्त तपासून घेणं म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीनंतर धरण बघायला जाणं.

किती गोळीला किती चढ, याचाही बऱ्यापैकी भरवशाचा हिशेब आहे. अमेरिकेत ओमाहा शहरात रॉबर्ट हीनी यांनी ६७ पुरुषांना सबंध हिवाळाभर, सुमारे पाच महिने, रोज वेगवेगळ्या मात्रा दिल्या. काहींना काहीच नाही, काहींना एक हजार युनिट, काहींना पाच हजार, काहींना दहा हजार. हिवाळा मुद्दाम निवडला, म्हणजे उन्हाची लुडबुड नको. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून निघालेलं सूत्र असं, की रोजच्या हजार युनिटमागे पातळी शेवटी सुमारे सात नॅनोग्रॅमनं वर जाते. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांची हिवाळाभर घसरत गेली. पुढं अमेरिकेतच सुमारे २६ हजार लोकांवर 'व्हायटल' नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यात रोज दोन हजार युनिट घेणाऱ्यांची सरासरी वर्षभरात ३० वरून ४२च्या जवळ गेली. दोन्ही हिशेब एकमेकांशी जुळतात.

पण ही सरासरी झाली. सरासरीनं माणूस बरा होत नाही. एकाच घरात, एकाच पुडीनं नवऱ्याचा आकडा वीसनं वाढतो आणि बायकोचा आठनं, असं होतं आणि त्यात फसवणूक नसते. ज्याची सुरुवातच खालून असते त्याची उडी मोठी. अंगावर चरबी जास्त असेल तर हे चरबीत विरघळणारं द्रव्य त्यात मुरतं आणि रक्तात कमी दिसतं. लठ्ठ माणसाला त्याच परिणामासाठी दुप्पट-तिप्पट मात्रा लागू शकते. फिटच्या काही जुन्या गोळ्या चालू असतील तर यकृत ते भराभर मोडून टाकतं. क्षयाच्या काही औषधांचंही असंच आहे. पोटाचे जुनाट विकार असतील तर मुळात शोषणच कमी. आणि घेण्याची रीत हाही मुद्दा आहेच. काकू पुडी उपाशीपोटी, साय काढलेल्या दुधातून घेत असत. जेवणात थोडी स्निग्धता असेल तर शोषण चांगलं होतं. तेव्हा वरणभातावर तुपाची धार पडलेल्या जेवणानंतर घेणं केव्हाही बरं. रोज, आठवड्याला की महिन्याला, याचा मात्र फार बाऊ करू नये. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका इस्रायली अभ्यासात रोज दीड हजार, आठवड्याला साडेदहा हजार आणि महिन्याला पंचेचाळीस हजार अशा तिन्ही रीतींनी पातळी जवळजवळ सारखीच वाढली. एकूण बेरीज सारखी, म्हणून परिणाम सारखा.

आता काकूंचा ३४ वरून १३ का झाला? याचं उत्तर दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी काकूंच्या कितीतरी आधी देऊन ठेवलं होतं. त्यांनी ड जीवनसत्त्व फार कमी असलेल्या, एरवी निरोगी माणसांना आठवड्याला साठ हजार युनिट अशी आठ आठवडे मात्रा दिली, जोडीला रोज एक ग्रॅम कॅल्शियम. आठ आठवड्यांनी त्यांची सरासरी पाचेक नॅनोग्रॅमवरून ३३च्या आसपास आली. सगळ्यांना आनंद झाला असणार. पण या मंडळींनी त्यांना वर्षानं परत बोलावलं, आणि तेव्हा सरासरी निघाली १० नॅनोग्रॅम. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि माझ्या मते प्रत्येक औषधाच्या दुकानात या दोन ओळी लावायला हव्यात. आठ पुड्या म्हणजे चार लाख ऐंशी हजार युनिटचा एक धो धो पाऊस. धरण भरतं हे खरं, पण पुढचा पाऊसच आला नाही तर उन्हाळ्यात तळ दिसणारच. माणसाची राहणी तीच, घर तेच, स्कार्फ तोच. मग पातळी जिथून निघाली होती तिथंच परत जाते.

म्हणून आठ आठवड्यांच्या भरपाईनंतर डॉक्टर सहसा टिकवण्याची छोटी मात्रा चालू ठेवायला सांगतात. रोज हजार-दोन हजार, किंवा महिन्याला साठ हजारांची एक पुडी, जी हिशेबानं रोजच्या दोन हजारांच्या घरात येते. काकूंनाही सांगितलं असणार. पण चिठ्ठीची ती शेवटची ओळ आपण वाचत नाही. 'नॉर्मल' हा शब्द दिसला की औषध बंद करायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

याच्या उलट चूकही होते आणि ती जास्त घातक. साठ हजाराची गोळी आठवड्याला एक घ्यायची असते, ती रोज एक घेतली जाते. पाकिटावर आठ गोळ्या, आठ दिवसांत संपल्या, पुन्हा आणल्या, पुन्हा संपल्या. किंवा एक डॉक्टर पुड्या देतो, दुसरा इंजेक्शन देतो, तिसऱ्याकडच्या कॅल्शियमच्या गोळीतही ड जीवनसत्त्व असतं, आणि बेरीज कुणीच करत नाही. उन्हातून हे जीवनसत्त्व कधीच जास्त होत नाही, कारण कातडीत जास्तीचा माल निरुपयोगी पदार्थांत बदलून टाकण्याची सोय आहे. तोंडावाटे किंवा सुईवाटे आलेल्या मालाला अशी जकात नाही. २०११ साली काश्मीरमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तिथंही कमतरता घरोघरची, म्हणून सहा लाख युनिटची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा टोचली गेलेली. त्यातून रक्तातला कॅल्शियम वाढतो. मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, कधी भ्रम, आणि मूत्रपिंडाला इजा. औषध थांबवलं तरी साठा महिनोन्‌महिने निघत राहतो. रक्तातला आकडा दीडशेच्या पुढं गेला की ही भीती खरी असते. ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे, ज्यांना क्षय किंवा त्यासारखा गाठींचा विकार आहे, त्यांनी तर डॉक्टरांना न विचारता पुडीला हात लावू नये.

काकूंना सुचवलेलं इंजेक्शन इथं आठवतं. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या सव्वादोन हजार स्त्रियांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट एकदम तोंडावाटे दिले, निम्म्यांना खोटी गोळी. कल्पना चांगलीच होती, म्हाताऱ्या बायकांना रोज गोळी लक्षात ठेवायला नको. २०१० साली निकाल आला तेव्हा ज्यांना खरं औषध दिलं होतं त्यांच्यात पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचं २६ टक्क्यांनी जास्त निघालं! आणि जास्तीचं पडणं मुख्यतः मात्रा घेतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत. रक्तातली पातळी विषारी म्हणावी इतकी चढलेलीही नव्हती. असं का व्हावं, याचं सर्वांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. पण वर्षाची चिंता एका सुईत मिटवणाऱ्या सल्ल्यावर काय म्हणायचं, हे ठरवायला एवढं पुरे.

मग कागदावर 'पुरेसं' कशाला म्हणायचं? इथं पंडितांतच एकमत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१०च्या अखेरीस सांगितलं, की २० नॅनोग्रॅम जवळजवळ सगळ्यांच्या हाडांना पुरतात. तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीनं २०११ साली ३०ची रेघ आखली. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांनी ती दुसरी रेघ उचलली, म्हणून २६ आकडा आला तरी कागदावर 'अपुरं' असा शिक्का दिसतो आणि घरात काळजीचं वातावरण पसरतं. पुढं २०२४ साली त्याच सोसायटीनं ३०चा आग्रह सोडला आणि धडधाकट माणसानं उगाच ही तपासणी करू नये, असंही म्हटलं. तपासणीच्या पाकिटांच्या जाहिरातींपर्यंत ही बातमी पोहोचलेली दिसत नाही. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीत मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरली आहे. काकूंच्या भाषेत सांगायचं तर पास मार्क वीस, आणि तीस म्हणजे फर्स्ट क्लास. त्यासाठी शिकवणी लावलीच पाहिजे असं नाही.

आणखी एक घोळ एककांचा. ज्यांची मुलं लंडनला किंवा टोरांटोला आहेत त्यांच्या घरी हा संवाद झालेला असतो. मुलगी फोनवर म्हणते, माझं ५० आलं, डॉक्टर म्हणाले जेमतेम आहे. आई म्हणते, अगं माझं २२ आहे, मी तर मेलेच! तिथं मोजतात नॅनोमोलमध्ये, इथं नॅनोग्रॅममध्ये. त्यांच्या आकड्याला अडीचनं भागलं की आपला आकडा येतो. म्हणजे लेकीचे ५० ते आपले २०, आणि आई तिच्यापेक्षा दोन पावलं पुढंच आहे. तपासणीच्या पद्धतीही निरनिराळ्या असतात, एकाच रक्ताचे दोन ठिकाणी काही नॅनोग्रॅमनं वेगळे आकडे येऊ शकतात. तेव्हा पातळी वाढली की उतरली हे पाहायचं असेल तर दोन्ही वेळा एकाच ठिकाणी तपासावं.

आकडा वाढला म्हणजे दुखणं गेलं, असंही समजू नये. मघाशी उल्लेख केलेल्या 'व्हायटल' प्रयोगात पातळी छान वाढली, पण पाच वर्षांत कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. हाडं मोडण्याचंही कमी झालं नाही, हे २०२२ साली जाहीर झालं. अर्थात त्या लोकांची पातळी सुरुवातीलाच ३०च्या घरात होती. भरलेल्या धरणात आणखी पाणी ओतून पिकाला काय फरक पडणार? फायदा होतो तो ज्यांचा तळ लागलेला असतो त्यांना. मांड्यांत बळ नसणं, जमिनीवरून उठता न येणं, हाड दाबलं की दुखणं, अशी लक्षणं आणि आकडा ९, म्हणजे काम गंभीर. काकूंच्या डॉक्टरांनी या खेपेला नुसत्या त्या आकड्यावर न थांबता कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज आणि मूत्रपिंडाचीही तपासणी करून घेतली. आणि जेवणात काय असतं तेही विचारलं. कारण कॅल्शियमच पोटात गेला नाही तर ड जीवनसत्त्व उचलणार काय? नाचणी, तीळ, दही या साध्या गोष्टी आहेत. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातल्या संशोधकांनी गरीब वस्तीतल्या लहानग्यांना कॅल्शियमयुक्त लाडू देऊन, जोडीला ड जीवनसत्त्व देऊन हाडं कशी भरतात ते पाहिलं होतं. औषध लाडवाच्या वाटेनं द्यावं ही कल्पना आपल्याच मातीतल्या माणसाला सुचणार.

उन्हाचं काय, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात निजवतात. ते दृश्य फार गोड असतं आणि बाळाला ऊबही मिळते. पण सकाळी सातच्या तिरप्या उन्हातले कामाचे किरण वातावरणातच गाळले जातात. ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीनं कोवळं ऊन हे जवळजवळ कोरडंच. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यावेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाटली बदलली की मात्र लेबल वाचायचं. एका मिलिलिटरमध्ये ४०० असलेली आणि ८०० असलेली, अशा दोन्ही बाटल्या बाजारात आहेत.

मोठ्यांसाठी खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल तर ते ऊन कामाचं. नाशिक २० अंश अक्षांशावर असल्यानं इथं डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशीही, मध्यान्हीला म्हणजे घड्याळात साडेबाराच्या सुमारास, सावली उंचीपेक्षा थोडी आखूडच असते. लंडनकराला हिवाळ्यात हे भाग्य नाही. पण किती वेळ? पुण्यातल्या चाळीस ते साठ वयाच्या पुरुषांच्या २०१८च्या अभ्यासात निघालं, की पातळी २०च्या वर राखायला रोज निदान तासभर दुपारचं ऊन लागतं, तीसच्या वर राखायला दोन तासांहून अधिक. चैत्र-वैशाखात हे कुणाला सांगणार? आणि आषाढ-श्रावणात ऊन आणणार कुठून? हिवाळ्यात गच्चीवर दुपारी पापड-सांडग्यांच्या राखणीला बसणाऱ्या आजीला ते आपोआप मिळत होतं. फ्लॅटमधल्या काकूंना गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडून मागून आणावी लागते.

शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शन बाद केलं आणि महिन्याला एक पुडी लिहून दिली. काकूंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी लाल पेनानं गोल केला. थंडी होती तोवर दुपारची भाजी निवडायला त्या गच्चीवर जात होत्या. तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेतून, चौथा कागद आला. आकडा २७, पुढं छापील 'अपुरं'. काकूंनी चष्मा वर केला, "पास मार्क वीसच ना नक्की?" असं दोनदा विचारून घेतलं, छापील शब्दावर लाल रेघ ओढली, आणि कागद घडी घालून पहिल्या तिघांच्या मागं ठेवून दिला.